हात बाजूला, नोना!

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ टक्कर होती, आणि चूक त्याची होती. तो आजही म्हणतो की चूक माझी होती. म्हणू दे.

चर्चच्या अंगणात मी बायकांची नाचाची तालीम घेत होते. ख्रिस्तराजाच्या सणाला आमच्याकडे अर्पणाच्या टोपल्या चालत नेत नाहीत, नाचत नेतात. पुढे गोंग म्हणजे पितळी थाळ्या, ढोल, मागे आम्ही... केळी, तांदूळ, वाळवलेले मासे, एखादा ओरडणारा कोंबडा. मी पुढारीण, म्हणून बायकांकडे तोंड करून उलटी पावलं टाकत होते. उलटी जाता जाता पाठ जाऊन आदळली ती कुणाच्या तरी छातीवर. मागे धप्प आवाज झाला आणि गाण्यांचे कागद अंगणभर उडाले.

"डोळे आहेत का?" मी वळून ओरडले.

"आहेत. पण तुम्ही पाठीने येत होतात."

"मी नाचत होते!"

"हो, ते दिसलं." तो गुडघ्यावर बसून कागद गोळा करायला लागला. बोटं लांबसडक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मग वर न बघताच म्हणाला, "तेच... तेच बंद करायला मला बोलावलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे बायका कुजबुजायला लागल्या, आणि त्या कुजबुजीतून मला कळलं की हा लुडोविका मावशींचा मुलगा, रेमिगियुस. सेमिनरीत शिकणाऱ्या मुलाला आम्ही फ्रातेर म्हणतो, आणि हा होता पळालेला फ्रातेर. पाद्री व्हायला गेला, बारा वर्षांचा असल्यापासून तिथेच वाढला, गावाने त्याच्यासाठी मका पाठवला, नारळ पाठवले, आणि झगा मिळायच्या थोडं आधी हा पठ्ठ्या बाहेर पडला. दोन वर्षं माऊमेरे शहरात कुठल्याशा शाळेत संगीत शिकवलं. आता गावात परत आला होता, आम्हाला शहाणपण शिकवायला.

त्याला बोलावलं होतं बापा सिरिलुस यांनी. वडीलधाऱ्या पुरुषांना आम्ही बापा म्हणतो, आणि हे तर चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष. यंदा सणाला बिशप येणार होते आणि बापांच्या अंगात शिस्त संचारली होती. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी सभा घेतली आणि जाहीर केलं, "यंदा नाच नाही. गोंग नाहीत. चार आवाजांत गायन होईल आणि टोपल्या रांगेत, शांतपणे, चालत जातील. बिशप काय म्हणतील? हे देवाचं घर आहे, बाजार नाही."

"बापा," मी उभी राहिले, "जिल्ह्याच्या टीमने गोल मारला तेव्हा तुम्ही शर्ट काढून रस्त्यावर पळत होतात. अख्ख्या गावाने पाहिलंय."

बाकांवर हशा पिकला. बापांचे कान लाल झाले. "ते मैदान होतं!"

"म्हणजे गोलाचा आनंद अंगभर, आणि देवाचा आनंद खिशात?"

"नोना योविता, खाली बस." बिनलग्नाच्या मुलीला आमच्याकडे नोना म्हणतात.

आमचे पाद्री पातेर लौरेन्स नखं बघत होते. भांडण सुरू झालं की ते नेहमी नखं बघतात. मी रेमिगियुसकडे पाहिलं. इतकी वर्षं देवाधर्माचं शिकलेला माणूस, एक शब्द बोलला असता तर बिघडलं असतं का? तो खिडकीबाहेर बघत होता. मी खाली बसले, पण आतून नुसती धुमसत होते.

नाच बंद, म्हणून नाचणाऱ्या सगळ्या गायनात कोंबल्या गेल्या. मीही. घरी बसून रुसणं मला जमत नाही, मी समोर जाऊन रुसते.

"नोना, हात बाजूला."

"बाजूलाच आहेत."

"खांदे हलतायत."

"खांद्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत."

"आणि... हसू नका. गौरवगीत आहे हे."

"गौरवगीत आहे म्हणूनच हसतेय. रडगाणं आल्यावर सांगा, तोंड पाडीन."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. तो ऑर्गनकडे वळला, पण वळता वळता त्याच्या गालावर काहीतरी हललं. मी पाहिलं! हसू दाबलं त्याने, शिंक दाबावी तसं. मला इतका राग आला... आणि त्या रागात घरी गेल्यावर मी एका पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकला बाही उलटी शिवली. मी शिलाईकाम करते. माझ्या हातून बाही कधी उलटी जात नाही.

पुढच्या तालमीला पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळायला लागला की आवाजच ऐकू येईना. बायका डोक्यावर केळीची पानं धरून पळाल्या. माझी छत्री आत राहिली होती, ती घ्यायला मी परत फिरले, आणि दारातच थांबले.

तो एकटा ऑर्गन वाजवत होता. बूट काढून बाजूला ठेवलेले. आणि बाकाखाली त्याचे पाय... नाचत होते! ठेका आमचाच, अर्पणाच्या नाचाचा, हेगोंगचा. गौरवगीत वर, हेगोंग खाली.

"चोर!" मी ओरडले.

तो इतका दचकला की ऑर्गन किंचाळला.

"आम्हाला हात बाजूला, खांदे खाली, आणि स्वतः? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे!"

"नोना, मी..."

"काय मी? पाय कुणाचे आहेत ते?"

त्याने पायांकडे पाहिलं, जणू खरंच खात्री करून घेत होता. "माझेच," तो म्हणाला. आणि मग हसला. पूर्ण. दाबल्याशिवाय. समोरच्या दोन दातांत छोटी फट होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली... आणि मी पुढचं भांडायचंच विसरले.

पाऊस थांबेना. आम्ही चर्चच्या ओसरीवर बसलो, मध्ये माझी छत्री ठेवून. मीच विचारलं, सरळ. मला वळणं घेऊन बोलता येत नाही.

"सेमिनरी का सोडलीत?"

"सगळ्यांना वाटतं, मुलगी असणार."

"होती?"

"नव्हती." तो पागोळ्यांकडे बघत होता. "मला घर हवं होतं. रोज संध्याकाळी कुणीतरी भांडायला हवं होतं. पोरं, आरडाओरडा... देवाने मला चांगलं ओळखलं होतं, मीच स्वतःला उशिरा ओळखलं. ज्या दिवशी बाहेर पडलो ना नोना, त्या दिवशी मी बसच्या टपावर बसून गात आलो. इतका आनंद झाला होता."

"मग आता का असं सुतकी तोंड?"

"घरी आलो तर आई दारातून आत गेली. बोललीच नाही. मग शेजारी आले, सगळे असे हळू आवाजात बोलत, कुणी गेल्यासारखे. मामांनी सांगितलं, निदान वर्ष-दोन वर्षं मान खाली घालून राहा. सोडून आलेल्या माणसाने गावात हसत फिरू नये. बरं दिसत नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. माऊमेरेला निघून गेलो, आणि तिथेही मान खालीच."

मला पुन्हा राग आला, पण या वेळी त्याचा नाही. एका जित्याजागत्या माणसाला सुतक पाळायला लावायचं, तेही स्वतःचंच! "भांडण हवं होतं म्हणालात ना," मी छत्री उचलत म्हणाले, "ते मिळेल. रोज. फुकट."

"रोज... म्हणजे उद्यापण?"

"उद्या तालीम नाही."

"म्हणूनच विचारलं."

मी पावसातच घरी आले, छत्री न उघडता. आईने विचारलं, छत्री मोडली का? मी म्हटलं, नाही, लक्षात नाही राहिलं.

मग तो माझ्या शिलाईच्या दुकानात यायला लागला. आधी गायकांच्या गळ्यात घालायचे पट्टे शिवायला टाकायचे म्हणून, मग पट्टे बघायला, मग पट्टे परत द्यायला. मी त्याला उकडलेला कसावा आणि लिंबू-मिरचीची चटणी द्यायचे. चटणी मुद्दाम झणझणीत करायचे. डोळ्यांतून पाणी काढत तो म्हणायचा, "छान आहे," आणि मी म्हणायचे, "खोटं बोलणं पाप आहे, फ्रातेर." मशीनच्या चाकावर माझा हात असायचा, एकदा तो चाक फिरवायला म्हणून पुढे आला आणि त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली... राहिलीच. दोघंही चाकाकडे बघत राहिलो. चाक काही फिरलं नाही.

पण रस्त्यावरून कुणी गेलं की तो हात काढून घ्यायचा. खुर्ची मागे सरकवायचा. चेहरा परत तसाच, बटण लावल्यासारखा. पहिल्या वेळी मी गप्प बसले. दुसऱ्या वेळीही. मी दोनदा गप्प बसले हे माझ्या आईला खरं वाटणार नाही.

आणि मग एका दुपारी दारात लुडोविका मावशी उभ्या राहिल्या.

या बाई पूर्वी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या. मुलाने सेमिनरी सोडल्यापासून खांबामागे बसत, कुणाला तोंड दिसू नये म्हणून. दुकानात आल्या त्या बसल्याही नाहीत.

"तू माझा नाच खाल्लास," त्या म्हणाल्या.

मी मशीन थांबवलं. काय बोलत होत्या ते मला कळलं, आमच्या गावात कुणालाही कळलं असतं. मुलगा पाद्री झाला की त्याच्या पहिल्या मिस्सेला त्याची आई त्याच्यापुढे नाचत जाते, दारापासून वेदीपर्यंत. त्या दिवशी तिला कुणी अडवत नाही, नवराही नाही, बिशपही नाही. आयुष्यात एकदा मिळणारा मान तो. लुडोविका मावशी विधवा झाल्या, माडाच्या झापा विणून पोट भरलं, आणि अंगणात एकट्या असताना त्या नाचाची पावलं टाकून बघायच्या. मी लहान असताना कुंपणातून पाहिलंय.

"मावशी, तो सेमिनरीतून निघाला तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते! दोन वर्षं झाली त्याला!"

"लोक म्हणतात..."

"लोक उचलली जीभ लावतात टाळ्याला! मी चोर नाही. देवाच्या घरातून मी काही उचललेलं नाही!"

"मग त्याला लांब ठेव," त्या म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "निदान मी आहे तोवर. त्याला हसताना बघते ना, तेव्हा वाटतं, मला फसवून हसतोय. त्याला सुख करायचं असेल तर करू दे... दार लावून करू दे. माझ्या डोळ्यांदेखत नको."

त्या गेल्या. मला रडायला यायला हवं होतं. पण मला आला तो संताप, आणि त्या संतापाला धड मालकही नव्हता. या बाईवर रागवायचं तर तिचे विणून विणून वाकडे झालेले हात डोळ्यांसमोर येत होते.

रेमी आला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने हातात घेतलेलं पट्ट्यांचं गाठोडं परत टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "आपण थोडं थांबूया, योवि. सण होऊ दे. तोवर मी दुकानात येत नाही. मिशनच्या बागेमागे भेटू, तिथे कुणी नसतं. आईला त्रास नको..."

"बागेमागे."

"थोडेच दिवस."

"आपण काय कोंबड्या चोरल्यात, बागेमागे भेटायला?" मी कात्री टेबलावर आपटली. "ऐक रेमी. मला नाचायला सांगतात मनातल्या मनात. तुला हसायला सांगतात मनातल्या मनात. आता प्रेमही मनातल्या मनात? मला आनंद झाला की तो दिसतो. मला तो लपवता येत नाही आणि लपवायचाही नाही. तू पावसात म्हणालास ना, टपावर बसून गात आलो? मला तो टपावरचा माणूस हवाय. बागेमागचा नको."

"आईचं मन मोडू?"

"तिचं मन तू कधी विचारलंस? ती दारातून आत गेली आणि तू मान खाली घातलीस. संपलं! तुझी आई समजतेय तू तिला फसवलंस, आणि तू गप्प. सांग तिला, की तू सुखात आहेस. तोंडाने सांग. तुझं काय ते तू उजेडात आण, नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस."

तो गेला. पट्ट्यांचं गाठोडं न घेताच. मी ते दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर तरी पाठवून दिलं आणि रात्रभर उशी बडवली.

सणापर्यंत तो आला नाही. तालमीत "हात बाजूला"सुद्धा म्हणाला नाही. माझे खांदे मात्र त्या आठवड्यात आपोआपच स्थिर होते. बापा सिरिलुस येऊन म्हणाले, "बघा, किती छान!" मला त्यांच्या डोक्यावर ऑर्गन घालावासा वाटला.

सणाच्या दिवशी चर्च खच्चून भरलं. बिशप आले, उंच, कोरड्या चेहऱ्याचे, काय मनात आहे ते कळू न देणारे. गोंगवाले बाहेर आंब्याखाली बसले होते, जेवणानंतर वाजवायला मिळेल म्हणून. बापा गोरिस, सगळ्यांत म्हातारे ढोलवाले, पाठ करून बसले होते. त्यांना अपमान सहन होत नाही, मलाही होत नाही.

अर्पणाची वेळ झाली. आम्ही बायका दारापासून निघालो, रांगेत, चालत. माझ्या हातात केळ्यांची टोपली. मी पुढे. मी इतक्या वर्षांत त्या वाटेवरून कधी चालत गेले नव्हते, मला धड चालताही येईना. पाय जड झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. हजार माणसं बसलेली आणि सगळ्यांचे चेहरे दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. सण होता! राजाचा सण!

मी अर्ध्यात पोचले आणि ऑर्गन थांबला.

संपला नाही, थांबला, गाण्याच्या मध्येच. गायक दोन शब्द पुढे गेले आणि अडखळले. सगळ्यांच्या माना वळल्या. रेमी बाकावरून उठला होता. बापा सिरिलुस दातओठ खात हाताने खुणा करत होते, बस, बस. तो चालत आला, माझ्याकडे नाही... खांबाकडे. खांबामागे त्याची आई.

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. आणि मोठ्याने बोलला. त्याचा आवाज गायकाचा, चर्चच्या टोकापर्यंत जाणारा.

"आई, मी पाद्री झालो नाही. त्याची मला लाज वाटत नाही. मी सुखात आहे. दोन वर्षं झाली, मी हे तुला सांगितलं नाही, घरी आलो की तुझ्यापुढे मेल्यासारखा वावरलो. तुला वाटलं मी सेमिनरी सोडून तुला फसवलं... फसवलं ते गप्प राहून."

"ऊठ," मावशी पुटपुटल्या. "लोक बघतायत. घोड्यासारखा वाढलास, लाज नाही वाटत?"

"तू माझ्यासाठी राखून ठेवलेला नाच मला दे. आज दे. माझ्याकडे झगा नाही, मिस्सा नाही. तुझा मुलगा जिवंत आहे आणि आनंदात आहे, एवढंच आहे. एवढ्यावर नाचशील का?"

 मावशी दगडासारख्या बसून होत्या. मी बघत होते, त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली... आणि मग त्या उठल्या. खांबामागून बाहेर आल्या. वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, थेट माझ्यापुढे, आणि त्यांचा एक हात हळूहळू वर गेला.

पण ठेका कुठे होता?

मी बाजूच्या खिडकीशी धावले, केळ्यांसकट, आणि जीव खाऊन ओरडले, "बापा गोरिस! वाजवा!"

"बंदी आहे!" बाहेरून आवाज आला.

"लुडोविका मावशी नाचतायत!"

पुढच्या क्षणी ढोल कडाडला, मागोमाग गोंग, आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. मावशींनी पाऊल टाकलं. इतकी वर्षं अंगणात एकटीने घोटलेलं पाऊल, एकही चुकलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी आनंदाची आरोळी ठोकली. मग दुसरी, तिसरी. माझ्या मागच्या बायकांच्या टोपल्या उसळायला लागल्या, कोंबडा बोंबलला, आणि बापा सिरिलुस यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मावशी नाचत माझ्यापाशी आल्या. मी खिळून उभी होते. त्यांनी माझं मनगट पकडलं, चांगलं घट्ट.

"उभी काय राहिलीस? चल! इतके दिवस भांडत होतीस ना नाचासाठी?"

मी नाचले. रडत, हसत, कशी ते विचारू नका. आणि शेजारी रेमी... देवा रे! सेमिनरीत त्याचे पाय तेवढे वाचले होते, हात पार गेले होते. शेतातलं बुजगावणं वाऱ्यात हलावं तसे हात फिरवत होता. पण फिरवत होता, सगळ्यांसमोर.

"योवि!" तो गोंगांच्या आवाजात म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. पण एवढे दिवस दारात आला नव्हता, माझाही राग काही उसना नव्हता.

"ऐकू येत नाही!"

"लग्न करशील का माझ्याशी?"

"मोठ्याने!"

त्याने मान मागे टाकली, दोन्ही बुजगावणी हात वर केले आणि असा ओरडला की बाहेर आंब्याखालची कुत्री भुंकायला लागली. शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. बिशप वेदीच्या पायरीवर टोपली घ्यायला हात पसरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, मी बघितलंच नाही.

"अगं, हो म्हण लवकर," लुडोविका मावशी नाचता नाचता खेकसल्या, "बिशप ताटकळलेत आणि माझे गुडघे गेले!"

मी हो म्हटलं. इतक्या जोरात की ढोल वाजवता वाजवता बापा गोरिसनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"हो म्हणाली!" अख्खं चर्च ओरडलं.